उजव्या बाजूचा नॉब

मी एक जेट बोलतोय. कमोडच्या सीटखाली बसवायचा, पाण्याची धार सोडणारा, प्लॅस्टिकचा, स्वस्तातला जेट. ज्या कामासाठी माझा जन्म झाला त्याचा विषय चारचौघांत काढण्यासारखा नाही, म्हणून माझ्याबद्दल सहसा कोणी बोलत नाही. मीही गप्पच राहिलो असतो. पण मनावर एक ओझं आहे, आणि माळ्यावर खोक्यात पडल्यापडल्या त्याच्याशिवाय दुसरं काही सुचत नाही.

मी कारखान्यात साच्यातून बाहेर पडलो तेव्हा माझ्यासारखेच शेकडो भाऊ पट्ट्यावरून पुढे सरकत होते. पातळ पांढरी पट्टी, मधे नळी, आणि पाणी चालू-बंद करायला एका बाजूला गोल नॉब. आमचा सगळ्यांचा नॉब उजवीकडे. दिवसाच्या शेवटी साचा बदलून थोडे जेट डाव्या बाजूचे काढायचे, तेवढाच काय तो फरक. आम्ही त्या डावऱ्यांची जरा टिंगलच करायचो. यांना कोण विचारणार, असं आम्हाला वाटायचं.

नळसामानाच्या दुकानात मात्र मलाच कोणी विचारेना. वरच्या फळ्यांवर चकचकीत स्टीलचे, गरम पाण्याचे, ऐटबाज जेट. मी सगळ्यात खाली, झाडूच्या वाटेत. माझ्या खोक्याचा कोपरा चेपला, वरच्या चित्रातल्या हसऱ्या बाईच्या दातांवर धूळ बसली. येणारा-जाणारा मला उचलायचा, उलटसुलट करून बघायचा आणि परत ठेवायचा. कोणाच्या तरी घरी एकदाचं लागावं, एवढीच माझी इच्छा होती. माझ्या हातून पहिली चूक झाली ती या इच्छेपायीच.

एका संध्याकाळी एक चष्मेवाला गृहस्थ आला. चष्मा त्याच्या नाकावरही होता आणि धंदाही चष्म्याचाच होता. दिवसभर लोकांच्या डोळ्यांचे नंबर तपासायचे, हे त्यानंच दुकानदाराला बोलता बोलता सांगितलं.

"वडिलांसाठी हवाय," तो म्हणाला. "झटका येऊन गेला त्यांना. एक हात चालत नाही. आईला सगळं करावं लागतं, आणि तिचे गुडघे गेलेत."

"मग हा घ्या की," दुकानदारानं मला वर काढलं. "साधा आहे, वीज नको, काही नको. एका हाताचं काम."

"नक्की एका हातानं जमेल?"

"अहो, दोन बोटांनी फिरतो."

दुकानदार खोटं बोलला नाही. पण कुठला हात, हे त्यानं विचारलं नाही आणि यानंही सांगितलं नाही. खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरांत 'उजव्या बाजूचा नॉब' असं छापलं होतं. जो माणूस दिवसभर लोकांकडून बारीक अक्षरं वाचून घेतो, त्यानं ती वाचली नाहीत. माझ्या मागेच डाव्या नॉबचा एक भाऊ उभा होता. मला ते ठाऊक होतं. मी निदान दुकानदाराच्या हातातून घसरून पडायला हवं होतं. पण मी अंग चोरून पिशवीत गेलो, कारण मला घर मिळत होतं.

रविवारी सकाळी मला बसवायचं ठरलं. प्लंबरला बोलवू या, असं सूनबाई म्हणत होती. ती शाळेत लहान मुलांना शिकवते, त्यामुळे कोणतंही काम सुरू होण्याआधीच पसारा किती होईल याचा तिला अंदाज असतो. पण चष्मेवाल्यानं ऐकलं नाही. त्यानं मोबाइलवर व्हिडिओ लावला आणि वडिलांची जुनी हत्यारांची पेटी काढली. वडील, म्हणजे बाबा, आयुष्यभर लेथवर काम केलेले टर्नर. केसाएवढा फरक बोटानं ओळखणारा माणूस. त्यांनी दाराबाहेर खुर्ची टाकून घेतली.

"आधी कॉक बंद कर," बाबा म्हणाले. झटक्यानंतर त्यांची जीभ थोडी जड झाली होती, पण सूचना मात्र धारदार होत्या. "रबरी वायसर विसरू नकोस. तो खोक्यातच राहतो नेहमी."

वायसर खरंच खोक्यात राहिला होता. तो सापडला. सीटचे बोल्ट निघाले, मला खाली सरकवलं, बोल्ट परत बसले. टाकीखाली मान घालून चष्मेवाल्यानं माझी नळी जोडली आणि कॉक उघडला. थेंबभरही गळलं नाही. तो इतका खूश झाला की समोर वाकून त्यानं विजयानं माझा नॉब फिरवला. सीटवर कोणी बसलेलं नव्हतं, तेव्हा माझी धार कुठे जाणार? सरळ त्याच्या चष्म्यावर.

बाबा हसले. अर्ध्या चेहऱ्यानं, पण पोटापासून हसले. स्वयंपाकघरातून आई धावत आल्या आणि त्यांना हसताना बघून दारातच उभ्या राहिल्या. चार महिन्यांत ते पहिल्यांदा हसत होते, असं मला नंतर कळलं.

मग काठी टेकत बाबा आत आले. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, सफाई तपासणाऱ्या कारागिरासारखं. नजर नॉबवर आली आणि थांबली. तिथून ती स्वतःच्या उजव्या हाताकडे गेली. तो हात कोटाच्या बाहीसारखा नुसता लोंबत होता. ते काय बघताहेत हे त्या क्षणी मला कळलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"छान बसवलंस," बाबा म्हणाले.

त्या दिवसापासून संडासाच्या दाराला आतून कडी लागायला लागली. वाचणाऱ्याला यात विशेष वाटणार नाही. पण धुण्याचं काम दोन हातांचं असतं, एकानं पाण्याचा मग धरायचा आणि दुसऱ्यानं धुवायचं. एक हात गेल्यापासून बाबांच्या बरोबर आईंना आत यावं लागायचं, गुडघे दाबत वाकावं लागायचं. त्या कधी कुरकुरल्या नाहीत, पण बाबा तेवढा वेळ डोळे मिटून बसायचे. आता ते आत यायचे, डाव्या हातानं कडी लावायचे आणि एक मोठा श्वास सोडायचे. तो श्वास फक्त मी ऐकलाय.

पुढचं मात्र कोणी बघत नव्हतं. माझा नॉब गाठायला बाबांना डावा हात मांडीवरून पलीकडे न्यावा लागायचा. सगळं अंग उजवीकडे कलायचं, आणि सावरायला त्या बाजूला ना हात ना पाय. बोटं पोचायची, घसरायची, परत पोचायची. घरात बाकी सगळे मला सहज वापरायचे. बसायचं, उजवा हात खाली सोडायचा, झालं. कोणाला काही खटकायचं कारणच नव्हतं. रोज सकाळी मी मनात म्हणायचो, आज तरी हे कोणाला सांगा. बाबा बाहेर जाऊन सांगायचे, "मस्त चालतंय."

सतरा दिवस चाललं. अठराव्या दिवशी आईंनी बाहेरून हाक मारली, "आटपतंय ना? डॉक्टरांकडे जायचंय." बाबांनी घाई केली. हात माझ्यापर्यंत आला, नॉबवरून निसटला, आणि ते उजवीकडे पडले. पडताना त्यांनी डावा हात पुढे घातला. त्यांच्याकडे घालायला तोच एक होता.

चष्मेवाल्यानं खांद्यानं दार ढकललं, कडीचे स्क्रू उपटून आले. बाबा फरशीवर होते. "आधी काहीतरी पांघरा," ते म्हणाले. सूनबाईनं मान वळवून फटीतून टॉवेल आत दिला. मनगट मोडलं होतं. जो एक हात राहिला होता, त्यालाही सहा आठवडे प्लॅस्टर पडलं.

संध्याकाळी घरात दोषाची वाटणी झाली. संडास स्वयंपाकघराला लागूनच असल्यानं मला सगळं ऐकू येत होतं.

"मी घाई करायला नको होती," आई पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

"फरशी कोणी पुसली होती?" चष्मेवाला बायकोला म्हणाला. "बाबांच्या वेळेला ओली ठेवू नकोस म्हणून किती वेळा सांगितलंय?"

"सकाळी सहाला पुसली होती," सूनबाई म्हणाली.

फरशी कोरडी ठणठणीत होती. मी तिच्याकडेच तोंड करून असतो, माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? पण त्या दिवसापासून सूनबाई बिचारी रोज शाळेत जाण्याआधी जुना पंचा घेऊन फरशी गुडघ्यावर बसून कोरडी करायची. माझ्यासमोर. माझ्या नॉबवरची धूळसुद्धा पुसायची. मला कोणी एक शब्द बोललं नाही. शिव्या मिळाल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता बाबांबरोबर मुलगा आत यायला लागला. कडी नव्हतीच, दार नुसतं लोटलेलं. मुलगा नॉब फिरवायचा आणि टाइल्सकडे बघत उभा राहायचा. बाबा डोळे मिटायचे. एका हातासाठी मला आणलं होतं आणि मी दुसराही घेतला, हेच माझ्या मनात दिवसभर घोळायचं.

दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी चष्मेवाला बूटही न काढता आत आला. झाकण खाली घेऊन त्याच्यावर बसला. थोडा वेळ तसाच. मग त्यानं आपला उजवा हात पँटच्या खिशात कोंबला आणि डाव्या हातानं मला गाठायला लागला. एकदा बोटं घसरली. दुसऱ्यांदा तो इतका कलला की भिंतीला धरण्यासाठी उजवा हात खिशातून बाहेर काढावा लागला. मग दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून तो खाली बघत बसला. चष्मा काढला, पुसला, परत लावला, परत काढला.

बाहेर गेला तो थेट बाबांकडे.

"तुम्हाला कधी कळलं, बाबा?"

"काय?"

"नॉब उजवीकडे आहे ते."

"बसवलास त्याच दिवशी."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर काढून टाकला असतास. मग परत तुझ्या आईनं वाकायचं. आणि..." त्यांनी शब्द जुळवायला वेळ घेतला. "तू इतका खूश होतास."

"आज दुकानात एका आजींना म्हटलं, उजवा डोळा झाका. त्यांनी डावा झाकला. मी सांगायला गेलो, अहो तो तुमचा डावा, आणि तिथेच थबकलो. दिवसभर मी लोकांना डावा-उजवा विचारतो, बाबा. तुमचाच विसरलो."

"विसरला नाहीस," बाबा म्हणाले. "तुझ्या डोळ्यांपुढे माझा उजवा हात अजून चालतोय. माझ्याही स्वप्नात चालतो. त्याचा राग कसा यायचा मला?"

मग स्वयंपाकघरात चष्मेवाल्याचा आवाज आला. "त्या दिवशी फरशी कोरडी होती ना?"

"कोरडीच होती बहुतेक," सूनबाई म्हणाली. "पण तू इतक्या जोरात म्हणालास की माझीच खात्री राहिली नाही."

"माझं चुकलं."

"हो, चुकलं," ती म्हणाली. "पंचा तिथे खिळ्याला आहे. उद्यापासून तू पुस."

रविवारी मला काढलं. बाबा पुन्हा दाराबाहेर खुर्चीवर, हात गळ्यात. "पाना उलटा धरलायस," ते म्हणाले. माझ्या जागी डाव्या नॉबचा भाऊ आला, ज्याची आम्ही टिंगल करायचो तोच. भिंतीला एक धरायची दांडीही लागली, तीही डाव्या हाताला. मला चष्मेवाला कचऱ्याच्या बादलीकडे घेऊन निघाला होता.

"टाकू नकोस रे," बाबा म्हणाले. "त्याची काय चूक? ज्या बाजूचा केला त्या बाजूला तो बरोबरच आहे."

आईंनी मला धुतलं, पुसलं आणि वायसरसकट चेपलेल्या खोक्यात ठेवलं. टाकून दिलं असतं तर सुटलो असतो. माफी मिळाल्यावर चूक जास्त टोचते, हे मला माळ्यावर येऊन कळलं. बाबा म्हणतात माझी चूक नाही. पण हात कुठला हे कोणी विचारलं नाही आणि डावा भाऊ मागेच उभा आहे, हे त्या दुकानात मला ठाऊक होतं, आणि मी अंग चोरून पिशवीत शिरलो होतो. हे त्यांना कुठे माहीत आहे?

म्हणून तुम्हाला सांगतोय. माझ्या जातीचं काही कोणासाठी आणायचं असेल तर खुशाल स्वस्तातलं आणा, आम्ही गळत नाही. फक्त आणण्याआधी एकदा त्या माणसाच्या जागी बसून बघा, त्याचा जो हात चालत नाही तो खिशात घालून. आणि उजवा हात धड असलेलं कोणी मला नेणार असेल तर मी यायला तयार आहे. यावेळी खोक्यावरची बारीक अक्षरं वाचूनच न्या.

माझ्या खोक्याचं एक झाकण फाटलंय. त्यातून खालचा बोळ, संडासाचं दार आणि स्वयंपाकघरातली आईंची खुर्ची एवढं दिसतं. काल बाबांचं प्लॅस्टर निघालं. आज सकाळी कामाला जाण्याआधी चष्मेवाल्यानं दाराला नवी कडी बसवली, जरा खाली, डाव्या हाताला येईल अशी. नंतर बाबा काठी टेकत आले, आत गेले, दार लोटलं. आई भाजी निवडत होत्या. सवयीनं त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला आणि अर्ध्या उठल्या.

कडी लागल्याचा आवाज आला. आई परत खाली बसल्या.