आंबोशीची पुळण

साबेराची लेक उमैमा दूर समुद्रकाठच्या आंबोशी गावी, सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणून रुजू झाली. लातुरातल्या गल्लीत पेढे वाटून झाले, पण आंबोशी नेमकी कुठं आहे ते कुणालाच सांगता येईना. शिकवणीच्या वर्गांनी शहर गजबजलं, त्या वर्षांत गल्लीतून डॉक्टर-इंजिनिअर बरेच निघाले होते. एवढ्या लांब मात्र कुणाची पोर गेली नव्हती. हिवाळा लागला तशी साबेरा नवऱ्याच्या मागं लागली, आणि लालमहंमदनं किल्लारीच्या रस्त्यावर चालणारी आपली जीप धुऊन-पुसून कोकणाकडं काढली.

सांगलीपर्यंत रस्ता सरळ होता. आंबा घाटात धुकं इतकं दाटलं की पुढच्या ट्रकचा लाल दिवा तेवढा दिसायचा. लालमहंमद वळणावळणाला हॉर्न देत गाडी हळू उतरवत होता. साबेरा ओढणीचा पदर मुठीत धरून दुआ पुटपुटत होती. मध्येच धुकं फाटलं आणि खाली दरीभर रान उघडं पडलं. तिची दुआ अर्ध्यावरच थांबली. मग म्हणाली, "इतकी झाडं एकाच जागी! थोडी आमच्याकडं दिली असती तर काय बिघडलं असतं?"

आंबोशी टेकडीच्या पायथ्याशी होती. गाड्या वरच्या सपाट सड्यावर लावायच्या आणि पाखाडीनं, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेनं, खाली उतरायचं, असा गावाचा नियम होता. तिथं वैजयंता खारवी भेटली. पाखाडीच्या माथ्यावरच्या तिच्या घरी पाहुण्यांच्या जेवणाची सोय व्हायची, आणि समुद्रकाठची कासवांची अंडीही तीच राखायची. तिनं समजावून सांगितलं की पुळणीत, त्या खालच्या वाळूत, कासवं अंडी घालतात. चाकाखाली ती चिरडतात, शिवाय भरतीच्या वेळी वाळू गाडीला सोडत नाही. लालमहंमदनं जीप वरच लावून किल्ली खिशात टाकली.

उमैमा दवाखान्यातून तशीच धावत आली. आईला तिनं घट्ट मिठी मारली आणि हाताला धरून पायऱ्यांनी खाली नेलं. माडांच्या पलीकडं एकदम पाणी दिसलं. साबेरा उभीच राहिली. तिनं धरणं पाहिली होती, नांदेडला पूर आलेली गोदावरी पाहिली होती. त्यांना पलीकडचा काठ होता. ह्याला नव्हता.  जवळ जायची तिला भीती वाटली, म्हणून दोघी माडाखालीच टेकल्या.

दिवस कलला तशी एक पांढरी मोटार बैलगाडीच्या जुन्या वाटेनं थेट पुळणीत उतरली. वैजयंता हात हलवत मागं धावत होती. गाडीनं ओल्या वाळूवर दोन फेऱ्या मारल्या, अंड्यांभोवतीचं जाळीचं कुंपण एका बाजूनं पाडलं, आणि पाण्याच्या जवळ जाऊन रुतली. चाकं फिरत राहिली तशी ती आणखीच खोल बसली. नंबर नांदेडचा होता. गाडीतून उतरले बापूसाहेब. नांदेडात त्यांचा शिकवणीचा मोठा वर्ग होता. मागच्या सीटवर त्यांची म्हातारी आई कोंडाबाई बसली होती. तिचे गुडघे धरलेले, तिला स्वतःहून उतरता येत नव्हतं.

भरती लागली होती. पहिली लाट चाकाला लागली, दुसरी दाराखालून आत आली. कोंडाबाई घाबरून सीटला चिकटली. बापूसाहेब ओढायला लागले की ती ओरडून त्यांचा हात झिडकारायची.

साबेरा कधी उठली ते उमैमालाही कळलं नाही. भूकंपानंतर कित्येक आठवडे साबेरानं किल्लारीत अशीच म्हातारी माणसं पडक्या घरांतून पाठीवर घेऊन जीपपर्यंत आणली होती. आपल्या घराकडं पाहत हटून बसलेल्या माणसाला कसं उठवायचं, ते ती तिथंच शिकली होती. ती गुडघाभर पाण्यात शिरली आणि दारात पाठमोरी वाकली.

"माय, पाण्याकडं बघू नका. माझ्या गळ्यात हात टाका. कुठल्या गावच्या तुम्ही?"

"अर्धापूरची," म्हातारी रडत म्हणाली.

"मग तुमच्याकडच्या केळीचं सांगा मला. घरची बाग हाय का?"

कोंडाबाई बागेचं सांगू लागली आणि सांगता सांगता तिचे हात साबेराच्या गळ्यात आले. एक लाट कमरेपर्यंत चढली. उमैमानं बाजूनं आधार दिला आणि मायलेकींनी म्हातारीला कोरड्या वाळूवर आणलं. तोवर वैजयंतानं हाक देऊन मासेमारी करणारी खारवी मंडळी जमवली होती. ज्यांच्या गावाचा नियम मोडला होता तेच होडीचा जाड दोर घेऊन आले, लालमहंमदही त्यांच्यात मिसळला. गाडी वाळूतून निघाली तेव्हा सगळे छातीपर्यंत भिजले होते. कुणीही बापूसाहेबांना टाकून बोललं नाही.

कोंडाबाईला पाठीवर घेऊन सगळी वर आली. वैजयंताच्या अंगणात कोरडी लुगडी आणि चहा आला. बापूसाहेब खाली मान घालून बसले होते. साबेरा त्यांच्याशी बोलली ती हळूच. "भूकंपानंतर आमच्याकडंबी लोकं बघायला यायची. काही पडलेल्या घरांच्या दगडांवर चढून फोटो काढायची. काही यायची आणि आधी इचारायची, कुठं पाय ठेवला तर चालंल? ती अजून ध्यानात हायती."

बापूसाहेबांनी मान हलवली. ते त्या रात्री गावातच राहिले.

सकाळी ते वैजयंताबरोबर पुळणीत गेले आणि पडलेलं कुंपण स्वतः उभं केलं. हाताला फोड आले तरी थांबले नाहीत. नशिबानं अंडी शाबूत होती. काम संपल्यावर त्यांनी संकोचत विचारलं, आईनं समुद्र धड पाहिलाच नाही, तिला गाडीशिवाय कसं आणावं? वैजयंता हसली. घरातली वेताची खुर्ची तिनं बाहेर काढली, दोन बांबू बांधले, आणि बापूसाहेबांसह चौघांनी कोंडाबाईला पायऱ्यांनी खाली आणलं.

दुपारची ओहोटी होती. खुर्ची पाण्याच्या अगदी कडेला ठेवली. कोंडाबाईनं साबेराचा हात सोडला नाही. लाट येऊन दोघींच्या पावलांवरून परत गेली, पायाखालची वाळू सरकली, आणि दोन्ही बायका पोरींसारख्या हसल्या.