वा त्या दरम्यान

"हे खरे नाही," वैजनाथांनी मोठ्याने वाचले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मोबाइलवर तेच होते. '(१) हे खरे नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.'

उस्मानपुऱ्यातल्या आमदार कार्यालयात ते एकटेच होते. आमदार राजकुमारदादा हिवाळी अधिवेशनासाठी नागपुरात. दादांच्या नावाने विधानसभेत जाणारे प्रश्न लिहायचे काम वैजनाथांचे. दादांच्या आधीच्या दोन आमदारांचेही त्यांनीच लिहिले होते. सत्तावीस वर्षे. पुंडलिकनगरातले शेजारी त्यांना आमदारांचे पीए म्हणत आणि ते प्रत्येक वेळी दुरुस्ती करत, "मी प्रश्न लिहितो." माणूस तसा साधा, पण या एका बाबतीत अंगात भारी ऐट.

हा प्रश्न सिल्लोड तालुक्यातल्या एका पाझर तलावाचा होता. गायरानाला लागून दगडखाण. खाणीतल्या सुरुंगाने तलावाच्या बांधाला तडा गेला आणि पाणी वाहून गेले. ही तक्रार घेऊन सप्टेंबरात बानाबाई आली होती. मेंढरं राखणारी, चाळिशीची, खुर्ची दिली तरी जमिनीवर बसलेली. सुरुंग कधी उडाला, असे वैजनाथांनी विचारल्यावर ती लगेच म्हणाली होती, "पोळ्याच्या दिशी. सगळं गाव मारुतीपुढं बैलं घेऊन, अन् इकडं ह्येंनी डाव साधला."

वैजनाथांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या पंचांग. पोळ्याची तारीख काढायला त्यांना बोटांवर मोजावेही लागले नाही. बावीस ऑगस्ट.

आता विधानसभेच्या प्रश्नात नुसती तारीख कोणी लिहीत नाही. 'दिनांक अमुक रोजी वा त्या दरम्यान' असे लिहितात. दिवस पुढेमागे झाला तरी सरकारला निसटता येऊ नये म्हणून. सत्तावीस वर्षांत 'वा त्या दरम्यान' हे तीन शब्द वैजनाथांनी हजार वेळा तरी लिहिले असतील. या वेळी मात्र त्यांना ते मिळमिळीत वाटले. इतकी पक्की तारीख हातात असताना दरम्यान कशाला? त्यांनी ते तीन शब्द गाळले आणि स्वतःवर खूश झाले.

सरकारने उत्तरात खाणीच्या स्फोटकांच्या नोंदवहीचे त्या दिवसाचे पान जोडले होते. बावीस ऑगस्टला एकही सुरुंग उडालेला नव्हता.

फोन वाजला. दादा होते.

"काका, त्या बाईनं तोंडावर पाडलं की आपल्याला. खाणवाला उत्तराची प्रत घेऊन फिरतोय. जानेवारीत त्याच्या परवान्याचं नूतनीकरण आहे, आता कोण अडवणार त्याला?"

"बाई खोटं बोलणारी वाटली नाही, दादा."

"मग नोंदवही खोटी? सिद्ध करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी वैजनाथ सिल्लोडच्या एसटीत बसले. गुडघा दुखत होता, तरी पुढे रिक्षाने आणि शेवटचा माळ पायी चढून ते तलावावर पोहोचले. त्यांनी प्रश्न विचारलेली जागा त्यांनी स्वतः पाहिल्याची ही पहिलीच वेळ. बांधातल्या तड्यात हात कोपरापर्यंत गेला. तळात चिखलही उरला नव्हता.

बानाबाईचे बिऱ्हाड पलीकडे होते. नवरा कडुबा मेंढरं घेऊन पुढे गेला होता, आणि ती एका घोड्यावर सामान बांधत होती. वैजनाथांना पाहून तिने हातातली दोरी सोडली.

"काय म्हनलं भाऊ सरकार?"

"सांगतो. आधी मला सांगा, पोळ्याला तुमच्या गावात नेमकं काय काय झालं?"

"काय व्हनार? पोळ्याच्या सकाळी धोंडिबा आण्णा वारला. गावात मयत, मंग बैलं कशी सजवतेल? दुसऱ्या दिशी केला पोळा."

वैजनाथ बांधाच्या दगडावर बसले. तेवीस ऑगस्ट. नोंदवहीत त्या तारखेचे पान असणार, सुरुंग असणार, आणि ते पान कोणी मागितलेच नव्हते. बानाबाई खोटे बोलली नव्हती. सरकारही खोटे बोलले नव्हते. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

तिला काहीबाही सांगून परत जाता आले असते. तो मोह त्यांनी आवरला आणि सगळे सांगितले. पंचांग, तारीख, गाळलेले शब्द.

बानाबाईने सोडलेली दोरी पुन्हा उचलली. मग म्हणाली, "मला इचारायचं ना, भाऊ. येक डाव फोन लावून इचारायचं. लई लांब होते का म्या?"

"चुकलं माझं."

"आता परत इचारा मंग सरकारला."

"अधिवेशन परवा संपतंय. पुढचं मार्चात."

"अन् खान जानेवारीत." परवान्याच्या नूतनीकरणाची तारीख तिला पाठ होती. रागाने तिने दोरी इतकी ओढली की घोडा हलला.

वैजनाथांनी तिथूनच दादांना फोन लावला. चूक माझी आहे, बाईंची नाही, असे दोनदा सांगितले. दादा चिडले नाहीत, हे जास्त वाईट होते. "राहू द्या काका," ते म्हणाले, "मार्चमध्ये बघू. पण हे बाहेर बोलू नका. आमदाराला पोळा कधी असतो ते कळत नाही म्हणतील लोक."

फोन ठेवला तेव्हा बानाबाई झोपडीतून सासूला हाताला धरून आणत होती. ऐंशीच्या पुढची, वाकलेली बाई.

"दरसाल आमी मेंढरं घेऊन खानदेशात उतरतो, पर आत्याबाई नाय येत," बानाबाई म्हणाली. "ह्या अन् लहान कोकरं इथंच ऱ्हायची तळ्यावर. औंदा पानीच नाय, तर ठेवू कशाच्या जिवावर?"

घोड्यावर भांड्यांच्या आणि गोधड्यांच्या मधे म्हातारीपुरती जागा केली होती. बानाबाईला एकटीला ती वर चढवता येईना. वैजनाथ पुढे झाले. त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ करून वाकून धरली, म्हातारीने तिच्यात पाय ठेवला आणि त्यांच्या खांद्याला धरून ती वर बसली. अंगात वजन असे नव्हतेच. बानाबाईने दोन कोकरं उचलून तिच्या मांडीवर दिली.

म्हातारीने वरून वैजनाथांकडे पाहिले. त्यांचा इस्त्रीचा सदरा आणि खिशातले पेन पाहून तिला वाटले असावे, हा सरकारातला माणूस.

"सायेब, तळ्याला कव्हा येईल पानी?"

"माहीत नाही, आजी," वैजनाथ म्हणाले.

म्हातारीने मान हलवली. पदर सोडून कोकरांवर पांघरला आणि घोडा चालू लागला.