धम्मशीलाची उन्हातली छत्री

मित्रांनो, मी एक जुनी काळी छत्री आहे. पण मी नेमकी कशासाठी आहे, हे मला फार उशिरा उमगलं, आणि पुरतं अजूनही उमगलेलं नाही.

खामगावच्या बाजारात दुकानदार मला पावसाळ्यासाठी विकायला बसला होता. इंद्रभानने मात्र मला भर उन्हाळ्यात विकत घेतलं, आपल्या लेकीसाठी. वडनेर भोलजीला त्यांच्या घरी मी धम्मशीलाला प्रथम पाहिलं. आईबाप सावळे, आणि हिचे केस, भुवया, पापण्यासुद्धा पांढऱ्या! जन्मापासूनच ती अशी होती. जरा उन्हात गेली की तिचे गाल लालबुंद व्हायचे, डोळे दिपायचे.

ती मला कडक उन्हात उघडायची आणि पाऊस आला की मिटून खुशाल भिजायची. बाया हसायच्या, "आभाळात ढग नाही, अन् पोरगी छत्री घेऊन फिरून राह्यली!" मी गोंधळून जायचे. याच उन्हात डाळी वाळतात, थंडीत म्हातारी माणसं पाठ शेकतात. मग ऊन वाईट कसं?

कापूस वेचायला दोन्ही हात लागतात. म्हणून शेतात ती मला धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ठेवायची. मी पाण्याच्या कळशीला सावली द्यायचे आणि ती उन्हात वेचत राहायची.

एका हिवाळ्यात तिच्या कानावर खपली धरली. ती पडायची, रक्त यायचं, पुन्हा धरायची. आई सिंधूताई हळद लावायची. होळी झाली तरी जखम भरेना, तेव्हा इंद्रभान तिला खामगावला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. मीही सोबत होते.

बाईंनी जखमेचा तुकडा तपासायला पाठवला. पुढच्या खेपेला त्या म्हणाल्या, "हा कातडीचा कर्करोग आहे. उन्हामुळे झालाय. पण लवकर कळलं, काढून टाकता येईल."

इंद्रभानने मला उचलून पुढे धरलं. "पण बाई, म्या तर तिले छत्री घेऊन देल्ली होती!"

"नुसती छत्री पुरत नाही. अंगभर कपडे, कान-मान झाकणारी मोठ्या काठाची टोपी, उन्हापासून वाचवणारं मलम, आणि दुपारचं ऊन टाळायचं. तुमच्या कातडीतला रंग तुम्हाला थोडं सांभाळतो. तिच्या कातडीत तो नाहीच."

मी हिरमुसले की माझ्यावरचं ओझं उतरलं, मलाच कळेना.

कानाचा काठ थोडा कापावा लागला. टाके निघाल्यावर धम्मशीलाने आरशात कान पाहिला. मग म्हणाली, "माय, दुपारचं वेचणं आता बंद."

"हाव," सिंधूताई म्हणाली, "दोघी उन्हं उतरल्यावरच जाऊ."

परवा शेजारच्या गावाहून वंदना नावाची बाई आली. तिच्या पदराखाली पांढऱ्या केसांचं तान्हं बाळ होतं.

"लोक म्हणतात, कोण्या पापाचं फळ हाय," ती रडत म्हणाली.

"पाप-बिप काही नाही," धम्मशीला म्हणाली. "याले उन्हात उघडं नेऊ नका. कातडीवर काही उठलं अन् भरलं नाही, त थेट डॉक्टरले दाखवा."

वंदनाने माझ्याकडे बोट दाखवलं. "ही देता का मले?"

धम्मशीलाने अंगणात येऊन मला बाळावर उघडलं. माझं कापड विरलंय. एका भोकातून उन्हाचा ठिपका बाळाच्या कपाळावर पडला. तिने तो पटकन तळहाताने झाकला. "नाही बाई, नवी घ्या."

मित्रांनो, मला वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं. ऊन वैरी की सोयरा, ते मला अजून ठरवता येत नाही. तुम्ही मात्र आपल्या कातडीला जपा. छत्री फाटली तर बाजारात दुसरी मिळते, कातडी मिळत नाही.