भिंतीवरचा कोट

"काका, हा बॅज कोण लावतं?" सुरक्षा अधिकारीबाईंनी विचारलं.

"कोणी नाही," सहायक म्हणाला. "बायकोचा आहे. कॅन्सरने गेली, वर्ष होत आलं."

विद्यापीठाच्या या प्रयोगशाळेत दोघं नवराबायको एकत्रच नोकरीला होते. इथे प्रत्येकाच्या कोटावर बॅज असतो. अंगावर किती रेडिएशन आलं ते त्यावरून कळतं. ती गेल्यावर तिचा कोट त्याने तिच्या लिहायच्या टेबलामागे खिळ्याला अडकवला. तिचं नाव कमी करा म्हणायला त्याची जीभ रेटेना. त्यामुळे तिच्या नावाचा नवा बॅज येत राहिला आणि तो निमूटपणे कोटाला लावून जुना स्वतःजवळ ठेवत राहिला. या खेपेला तिचाही पहिल्यांदाच तपासायला गेला. सगळ्यांचे बॅज कोरे आले. मेलेल्या बाईचा तेवढा रेडिएशनने भरून आला.

वहिनी अजून ड्युटीवर आहेत, असं कुणीतरी थट्टेत म्हणालं. तो हसला नाही. क्षणभर त्यालाही तसंच वाटलं होतं.

अधिकारीबाईंनी रेडिएशन मोजायचा मीटर कोटामागच्या भिंतीजवळ नेला. टिकटिक वाढली. भिंतीपलीकडे रेडिएशनच्या सामानाची कोठी होती. तिथलं कपाट सरकवताना रेडिएशन अडवणाऱ्या शिशाच्या विटा ढळल्या होत्या. कधी, ते कुणालाच आठवेना.

मग काकू होत्या तेव्हा त्यांचा बॅज नेहमी कोरा कसा यायचा, असं अधिकारीबाईंनी विचारलं. त्याने दाराशी असलेल्या तिच्या रिकाम्या खुंटीकडे पाहिलं. ती नियमाला पक्की होती. लिहायच्या टेबलाशी कामाचा कोट चालत नाही, म्हणून ती दाराशीच कोट उतरवायची, बॅजसकट खुंटीला लावायची, हात धुवायची आणि मग इथे, या भिंतीला पाठ टेकून तासन्‌तास लिहीत बसायची. नवरा कोट घालूनच बसला की फणकारायची, "तुम्हाला किती वेळा सांगायचं हो?"

"त्यानेच झालं का तिला?" त्याने विचारलं.

मात्रा तशी थोडीच आहे, असं सांगायला लागून अधिकारीबाई थांबल्या.

"काका, हो म्हणता येत नाही. नाही पण म्हणवत नाही."

संध्याकाळपर्यंत विटा नीट रचून झाल्या. टिकटिक मंदावली. अधिकारीबाईंनी बॅज मागितला, त्याने काढून दिला. मग कोट खाली घेऊन त्याची बटणं लावली, कॉलर सारखी केली आणि तो दाराशी तिच्या खुंटीला नेऊन अडकवला. शेजारी आपला कोट उतरवून ठेवला. हात धुतले. तिच्या खुर्चीत जाऊन पाठ टेकली.

भिंत गार होती.