दुसरं बेणं नाही

साखर कारखान्याभोवतीच्या पंचवीस गावांत ऊस एकाच जातीचा. कागदावर त्या जातीचं नाव म्हणजे नुसते आकडे, म्हणून लोक त्याला ‘जावई’ म्हणत. खाण्यापिण्याचे लाड पुरवले की भरभरून देणारा, वाऱ्यात न लोळणारा, साखरेला चोख. त्याची रोपं तयार करून विकायच्या रोपवाल्या ताई. नऊ वर्षांत त्यांच्या ट्रेमध्ये दुसऱ्या जातीचं एक रोप उगवलं नव्हतं.

उसाच्या लागणीच्या ऐन हंगामात ताई रोपांसाठी राखलेल्या बेण्याच्या मळ्यात गेल्या, तर मधल्या सरीत दोन उसांचे शेंडे पिवळे पडलेले. त्यांनी एक ऊस उभा चिरला. आत लालभडक, मधेमधे पांढरे आडवे पट्टे आणि दारूसारखा आंबूस वास. लाल कूज! बेण्यातून पसरणारी, ठणठणीत दिसणाऱ्या उसातही दबा धरून बसणारी. आणि याच मळ्यातली रोपं निम्म्या गावांत पोचलेली.

त्या तडक कारखान्यात गेल्या. चिरलेला ऊस पाहताच शेतकी अधिकाऱ्यांनी आधी दार लोटून घेतलं.

“ताई, बोभाटा नको. दुसऱ्या जातीचं बेणं आहे ते जेमतेम पाच एकरांपुरतं.”

“मग मी हीच रोपं देत राहू?”

“द्या असं मी म्हणत नाही. देऊ नका असंही म्हणत नाही.”

“म्हणजे हात झटकून मोकळे झालात की!”

तिथून त्या मामांकडे गेल्या. मामांनी विहिरीकडेला जुन्या जातीचा ऊस हट्टानं राखला होता. तिथं आता मका डुलत होता.

“काढला गं,” मामा म्हणाले. “कारखाना घेईना, तोडणीवाले फिरकेनात. आणि तूच नाही का म्हणालीस, मामा, कशाला कवटाळून बसलाय?”

ताईंना ते आठवलं. हसत म्हणाल्या होत्या.

परत आल्या तर रोपवाटिकेच्या फाटकाशी रोपं न्यायला आलेल्या ट्रॅक्टरची रांग. ताईंनी सगळं उघड सांगितलं. कुणी चिडलं नाही, हेच वाईट. पुढचा एकजण शांतपणे म्हणाला, “मग दुसरं काय लावू, तेवढं सांगा.”

“वहिनी, देऊन टाकू,” दीर कुजबुजले. “रानं तयार आहेत लोकांची.”

“एकही ट्रे हलणार नाही.”

सगळी रोपं त्यांनी उपटून जाळायला लावली. कामाला येणाऱ्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. बाईंचं डोकं फिरलं म्हणून.

दोन दिवसांनी शेजारच्या गावच्या रस्त्यावर ताईंना तीच रांग दिसली. रोपं मिळेनात म्हणून लोक एकमेकांच्या रानातला उभा ऊस बेण्यासाठी तोडत होते. तोच ऊस.

“रागावू नका ताई,” रानाचा मालक म्हणाला, “लागण तर करायलाच हवी.”

ताईंनी त्याचा कोयता घेतला. पहिला ऊस चिरला, पांढरा. दुसरा पांढरा. तिसरा लाल. त्यांनी तो त्याच्या नाकाशी धरला. त्यानं वास घेतला आणि तेवढा ऊस बांधावर भिरकावला.

“हा नको. बाकीचे घेतो.”

ताई तोडलेल्या उसाच्या ढिगाशी बसल्या आणि त्यांनी पुढचा ऊस चिरायला घेतला. पलीकडून ट्रॉली भरतच होती.