सहाव्या भोकातला सूर

दोन हजार अठरा सालची गोष्ट. धम्मचक्र दिन होऊन आठवडा उलटला होता आणि पालमच्या त्या दोन खोल्यांत बाप-लेकाचा अबोला सहा महिन्यांचा झाला होता. मध्ये सुलाबाई, एकाची बायको, दुसऱ्याची आई. "दादाला म्हणावं, गोळी घेतली का?" लेक विचारी. हातभर अंतरावर बाजेवर पडलेला बाप भिंतीकडं तोंड करून म्हणे, "त्याला म्हणावं, घेतली." सुलाबाई वैतागून म्हणायची, "मला पोस्टात तरी लावा रे. निदान खाकी डिरेस मिळंल."

अबोल्याचं मूळ पेटीत होतं. बापानं, तात्यारावांनी, चाळीस वर्षं गायन पार्टी चालवली. गंगाखेडपर्यंत कुठंही जयंती असो की लग्न, गळा त्यांचा आणि पेटीही त्यांचीच. मग लकवा झाला आणि डावा हात गेला. सूर दाबणारी बोटं शाबूत राहिली, भाता मारणारा हात तेवढा गेला. एप्रिलमध्ये जयंतीच्या मांडवात ते लेकाला म्हणाले, "सिद्धोधन, बस माझ्या बाजूला. तू भाता मार, मी वाजवतो."

सिद्धोधन बत्तीस वर्षांचा, झेरॉक्सच्या दुकानात लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरणारा. मान खाली घालून तो म्हणाला, "दादा, तुमचा हात व्हायचं मला जमणार न्हाई."

बोलला हळूच, पण माईक चालू होता. सगळ्या मांडवानं ऐकलं.

त्याचा जीव दुसऱ्याच बाज्यात अडकलेला होता. दहा भोकांचा माउथ ऑर्गन, तळहातात मावेल एवढा. चार वर्षं तो मोबाईलवर बघून जॅझ शिकत होता. सुलाबाईला जॅझ म्हणजे काय ते कळत नव्हतं, पण ती भाकरी थापायला बसली की तो शेजारी येऊन बसे आणि तिला सांगत राही.

"माय, बघ. चार, पाच, सहा ही भोकं एकदम आत ओढली की हा एक कॉर्ड, सुरांची जुडी. दोन ते पाच ओढली की हा दुसरा. अर्धवट वाटतो का न्हाई? घरी जायची घाई झाल्यावानी. अन् आता फुंकलं, की आलं घर."

"अन् बाकीचे?"

"बाकीचे ह्यात पुरे मिळत न्हाईत. मग दोनच सूर घ्यायचे, मधली भोकं जिभेनं झाकायची. राहिलेलं ऐकणाऱ्यानं मनात भरून घ्यायचं."

"आपल्या घरावानीच की मग," सुलाबाई म्हणाली, आणि दोघंही हसले. बाजेवर कूस बदलल्याचा आवाज आला.

कॉर्डपेक्षा अवघड होतं ते सूर वाकवणं. श्वास आत ओढता ओढता जीभ अशी मागं घ्यायची की तिसऱ्या भोकातला सूर पायरी पायरीनं खाली उतरे. आणि सहाव्या भोकात तर बाजा बनवणाऱ्यानं ठेवलाच नव्हता असा कोमल निषाद होता. फुंकताना एक पट्टी गप्प करायची आणि दुसरीला बोलायला लावायचं. त्यासाठी आतल्या पितळी पट्ट्या त्यानं खराट्याच्या काडीनं दाबून दाबून बसवल्या होत्या. फट केसाएवढी, तरच तो सूर निघे. त्या एका सुरापायी त्याचं सबंध वर्ष गेलं होतं.

"बेसूर!" तात्याराव भिंतीला सांगत.

"आवो, तुमच्या गळ्यातून सूर घसरला की ती मींड, अन् लेकाचा घसरला की बेसूर?"

"गळा माणसाचा हाय. बाज्यानं बाज्यासारखं ऱ्हावं."

अशात पुण्याहून फोन आला. जॅझ वाजवणाऱ्या एका लहानशा बँडला माउथ ऑर्गनवाला हवा होता. त्यांनी सिद्धोधनचं मोबाईलवरचं वाजवणं ऐकलं होतं आणि त्यांना आवडला होता तो सहाव्या भोकातलाच सूर. शुक्रवारी समोर येऊन वाजवायचं, जमलं तर तिथंच राहायचं. सुलाबाईनं हे नवऱ्याच्या कानावर घातलं. 

मंगळवारी सिद्धोधन दुकानाच्या कामाला नांदेडला गेला, दोन दिवसांसाठी. बाजा त्यानं स्टीलच्या डब्यात घरीच ठेवला, प्रवासात धक्का नको म्हणून. बुधवारी सकाळी तात्याराव दाढी करून, धुतलेलं धोतर नेसून उभे राहिले.

"ती डबी दे."

"कशाला?"

"झरीला बन्सीधरकडं नेतो. पट्ट्या ढिल्या झाल्यात त्याच्या. माझा लेक पुण्यात बेसूर वाजवायला नगं. लोक हसतील त्याला."

माझा लेक. सहा महिन्यांत हे दोन शब्द त्या घरात कुणी उच्चारले नव्हते. सुलाबाईनं पुढचा विचारच केला नाही. डबा काढला, रुमालात बांधून त्यांच्या काखेत दिला.

पालमहून गंगाखेड, गंगाखेडहून परभणी, परभणीहून झरी. लटकता हात सांभाळत तीन एसट्या बदलून ते गेले आणि तसेच दिवेलागणीला परत आले. बन्सीधर म्हणजे साऱ्या भजनी मंडळांच्या पेट्या सुरात लावणारा म्हातारा, तात्यारावांचा जुना दोस्त. "त्यानं उघडूनच बघितलं," पाणी पिता पिता तात्याराव सांगू लागले. "म्हणला, तात्या, पट्ट्या पार खाली बसल्यात, पेटीत अशी पट्टी कुणी ठिवतं का? एकेक उचलली. दोन घासल्या. एकदम फस्क्लास."

 काडीनं दाबणारी लेकाची बोटं सुलाबाईला आठवली. तिनं डबा रुमालातून सोडून होता तिथं ठेवला.

गुरुवारी दुपारी सिद्धोधन आला. तात्याराव बाजेवर उठून बसले होते, तोंड भिंतीकडं नव्हतं. "वाजव," ते थेट त्याला म्हणाले. "बन्सीधरकडून नीट करून आणलाय."

सिद्धोधननं डबा उघडला. तिसरं भोक ओढलं. सूर वाकेना, नुसता कण्हला. मग सहाव्यात फुंकलं. फुस्स हवा. पुन्हा फुंकलं. हवाच.

त्यानं आईकडं बघितलं. तिनं मान खाली घातली.

"आता कसा?" तात्यारावांनी विचारलं. वयानं पिकलेला चेहरा परीक्षेचा निकाल ऐकायला आल्यासारखा झाला होता.

सिद्धोधननं बाजा ओठांना लावला आणि वडिलांनीच बांधलेली जयंतीची एक चाल सरळ, कुठंही न वाकवता वाजवली. तात्याराव उजव्या हाताची बोटं मांडीवर पेटीसारखी नाचवत होते.

"हां! आता बाजा बाज्यावानी बोलायलाय. अगं, ऐकायलीस का?"

"लय चांगलं केलं दादा," सिद्धोधन म्हणाला.

संध्याकाळी पुण्याच्या गाडीला वेळ होता. तेवढ्यात त्यानं मोरीच्या मागं बसून पट्ट्या परत बसवायला घेतल्या. घासून पातळ झालेली सहाव्या भोकाची पट्टी काडीखाली तुटली. सुलाबाई दारात उभी होती. तो एवढंच म्हणाला, "दादाला सांगू नको."

पुण्यात त्यानं दुसऱ्या कुणाचातरी बाजा घेऊन वाजवला. त्या बाज्याच्या पट्ट्या त्याच्या हाताच्या नव्हत्या, सहाव्यातला सूर निघालाच नाही. कळवतो म्हणाले, कळवलं नाही.

नवा बाजा त्यानं आणला, पण घरात सूर कधी वाकवला नाही. वाकवला असता तर दादांना कळलं असतं की आधी ढिलं काही नव्हतंच. रोज जेवणानंतर तात्याराव "वाजव" म्हणत आणि तो सरळ चाली वाजवी. बापलेक बोलू लागले, हसू लागले. सुलाबाईला पोस्टाची नोकरी उरली नाही.

तात्याराव दोन हजार एकवीसच्या माघात गेले. लेकाचा बाजा आपण सुरात आणला, हे ते शेवटपर्यंत भेटायला येणाऱ्याला सांगत. बन्सीधर त्यांच्या आधीच गेला होता, झरीचं त्याचं दुकान बंद झालं. सिद्धोधन आता परभणीला असतो, बायको आहे, स्वतःचं झेरॉक्सचं दुकान आहे. दादा गेल्यावर त्यानं पुन्हा सूर वाकवायचा प्रयत्न केला होता म्हणे. तोंडाला सवय राहिली नव्हती.

तुटक्या पट्टीचा बाजा सुलाबाईकडं आहे, गव्हाच्या डब्यात. बाजा दादांना कुणी काढून दिला हे सिद्धोधननं तिला कधी विचारलं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही. कधी एकटी असली की ती दोन ते पाच भोकं आत ओढून बघते. तो घरी जायची घाई झालेला कॉर्ड अजून नीट वाजतो. त्यानंतर फुंकून घर आणायचं, ते मात्र ती करत नाही.