एक लांब, दोन आखूड

मित्रांनो, मी एक जुनं टेबल आहे आणि माझ्यापुढे एक पितळी पाटी आहे. पाटीवर लिहिलं आहे : 'आमचा वारसा. कृपया हात लावू नये.' हॉटेलच्या दारातून आत शिरलात की डाव्या हाताला, एका दिव्याखाली मी उभा असतो. लोक माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. माझ्यावर कोणी जेवत नाही. ज्या टेबलावर कोणी जेवत नाही त्याला टेबल का म्हणायचं, हे मला अजून उमगलेलं नाही. तुम्ही लहान आहात, म्हणून तुम्हाला सांगतो. मोठ्यांना सांगून उपयोग नसतो, त्यांना सगळं आधीच ठाऊक असतं.

आम्ही चौदा भावंडं. एकाच सुताराच्या हातची. हॉटेल ज्यांनी काढलं त्या थोरल्या मालकांनी सुताराला एकच अट घातली होती, "रागाच्या भरात कोणी मूठ आपटली तरी कपातली कॉफी हिंदकळता कामा नये." सुताराने अट पाळली. आम्ही इतके जड झालो की चौघांनी उचलून आत आणताना चौघांनीही त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

मग चाळीस वर्षं मी माणसं पाहिली. पाहिली म्हणजे काय, त्यांची कोपरं पाहिली. माणूस तोंडाने खोटं बोलतो, कोपराने बोलत नाही. ज्याची नोकरी नुकतीच गेली आहे तो सर्वांत मोठ्याने हसतो आणि कोपर मात्र माझ्या कडेला घट्ट रोवून ठेवतो. माझ्यावर नऊ लग्नं ठरली, आणि त्यातली दोन मोडायलाही मंडळी माझ्यावरच आली. माझ्या खालच्या अंगाला काय काय चिकटवलेलं होतं ते सांगत नाही. तुमच्याच वयाच्या मंडळींनी चिकटवलं होतं.

या सगळ्यात रोज माझ्याजवळ येणारा माणूस एकच, तो म्हणजे मामा. मामा आमचे सर्वांत जुने वेटर. त्यांना सगळं गाव मामा म्हणायचं, मालकही आणि मालकांचा मुलगाही. उंच, किडकिडीत, खांद्यावर फडकं. एका हातावर चार बशा पेलायच्या आणि पाचव्या बशीसाठी तिरकं उत्तर तयार ठेवायचं, ही त्यांची रीत. "मामा, सूप गरम आहे ना?" असं कोणी विचारलं की म्हणायचे, "बोट बुडवून बघू का?"

पुढे मामांच्या डोळ्यांना काहीतरी झालं. आधी ते ऑर्डरचा कागद उजेडाकडे धरू लागले. मग कागद धरायचंच बंद केलं, सगळं तोंडपाठ ठेवू लागले. चष्मा जाड झाला, आणखी जाड झाला, आणि एक दिवस चष्म्याचा काही उपयोग उरला नाही. हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही. थोरल्या मालकांच्या मात्र आलं. एका दुपारी, जेवणाची गर्दी ओसरल्यावर, त्यांनी मामांना माझ्यापाशी उभं केलं आणि हात वर केला.

"मामा, किती बोटं?"

"मालक, हात तुमचा आहे म्हणजे पाचच असणार."

मालक हसले. मग त्यांचं हसू विरलं, कारण त्यांनी दोनच बोटं वर केली होती.

"घरी बसवताय का?" मामांनी विचारलं. एवढ्या हलक्या आवाजात बोललेले मामा मी तोवर ऐकले नव्हते.

"बसवलं तर काय कराल?"

"घरी मी नुसता म्हातारा आहे, मालक. इथे मी मामा आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी मालक एक बारीक करवत आणि कानस घेऊन आले. दोघांनी मिळून आम्हा चौदाही जणांच्या कडेवर, ये-जा करायच्या बाजूला, खाचा पाडल्या. लांब खाच म्हणजे पाच, आखूड खाच म्हणजे एक. मी सात नंबर, म्हणून माझ्यावर एक लांब, दोन आखूड. मालकांनी मला धरून ठेवलं होतं आणि करवत मामांच्या हातात होती. "माझी अक्षरं मीच काढणार," असं त्यांचं म्हणणं. अक्षर काही वळणदार नव्हतं. काहींच्या खाचा वाकड्या गेल्या, काहींच्या तुटक आल्या. माझ्या नेटक्या आल्या, तेवढंच.

त्या दिवसापासून हॉटेलचा एक कायदा झाला : टेबल सरकवायचं नाही. झाडणाऱ्या बाईंनी खुर्च्या वाटेल तशा फिरवाव्यात, टेबलाला बोट लावू नये. गिऱ्हाइकांना तो मालकांचा विक्षिप्तपणा वाटे. स्वयंपाकघराच्या दारापासून माझ्यापर्यंत अकरा पावलं होती. मामा यायचे, दोन बोटं माझ्या कडेवरून फिरवायचे आणि बशी ठेवायचे. नऊ वर्षांत एकदाही चूक झाली नाही. रोजच्या माणसांना ते पावलांवरून ओळखायचे. "आज उशीर केलात, मास्तर," असं म्हटल्यावर मास्तर थक्क होऊन शेजारच्याला सांगायचे, "मामांची नजर बघा. काही म्हणून सुटत नाही!"

हे गुपित मालकांना ठाऊक होतं, मामांना होतं आणि आमच्या आचाऱ्याला होतं. आचाऱ्याला सगळे उस्ताद म्हणायचे. मालकांनी ते इतकं नीट पाळलं की पोटच्या मुलालाही सांगितलं नाही. मग एके दिवशी मालक गेले. मुलाला हॉटेल मिळालं, किल्ल्या मिळाल्या, गुपित मिळालं नाही.

धाकट्या मालकांनी वर्षभर वाट पाहिली आणि मग म्हणाले, "लोकांना आता नुसतं जेवण नको असतं, वातावरण हवं असतं." वातावरण करून देणाऱ्या एक बाई आल्या. सजावटवाल्या बाई. त्या वाईट नव्हत्या हो. वाईट असत्या तर मला रागवायला तरी सोपं गेलं असतं. त्यांनी खोलीचा कोपरा न् कोपरा मापला. दाराच्या कडीचे सुद्धा चार फोटो घेतले. जुन्या गिऱ्हाइकांकडून छापील कागद भरून घेतले : तुम्हाला इथे काय आवडतं? पण त्या खोलीत रोज तीनशे फेऱ्या मारणाऱ्या माणसाला त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"मामा, जरा बाजूला होता का? फोटोत येताय."

त्या दिवशी उस्ताद स्वयंपाकघराच्या दारात मामांच्या कानाशी लागला. "अरे, सांग ना त्यांना. टेबलं हलली तर तू मेलास."

"सांगितलं तर आजपासून आंधळा. नाही सांगितलं तर उद्घाटनापर्यंत तरी मामा."

"थोरले असते तर?"

"थोरले असते तर तू मला शहाणपण शिकवत बसला नसतास. कांदा करपतोय बघ."

आणि मग माझी पाळी आली. बाई माझ्यापुढे चवड्यांवर बसल्या आणि त्यांचं बोट माझ्या खाचांवरून फिरलं. "अगं बाई!" त्या ओरडल्याच. "हे बघा! एक लांब, दोन आखूड. किती सुंदर आहे हे! बाकीच्या टेबलांवर नुसतेच ओरखडे आहेत, पण हे बघा ना. हेच आपलं चिन्ह करू या. मेनूवर, कपांवर, प्रत्येक नव्या टेबलावर."

"केलंय कोणी पण हे?" धाकट्या मालकांनी विचारलं.

"काळाने," बाई म्हणाल्या.

काळ तेव्हा चार पावलांवर ट्रे घेऊन उभा होता. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं.

मित्रांनो, खरं सांगायचं तर मला त्या क्षणी बरं वाटलं. माझी तेरा भावंडं ट्रकमध्ये चढत होती, एकमेकांवर पालथी पडत होती, आणि मी मात्र 'सुंदर' ठरलो म्हणून मनातल्या मनात फुगलो होतो. सात नंबरची खाच सगळ्यांवर गेली तर सात नंबर कुठला राहील, एवढा साधा विचार माझ्या लाकडी डोक्यात आला नाही. बाईंच्याही आला नाही, पण त्यांना निदान माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

नवी टेबलं आली, तीही चौदाच. गोल, हलकी, आमच्याहून वीतभर लहान. मागच्या अंगणात ती साखळीने झोडपली, म्हणजे जुनी दिसावीत. खऱ्या म्हाताऱ्यांना ट्रकमध्ये घालायचं आणि कोवळ्या लाकडाला मारून मारून म्हातारं करायचं, हा धंदा मी या डोळ्यांनी पाहिला. मग नव्या सुताराने करवत काढली.

"सगळ्यांवर सारखंच काढू?" त्याने विचारलं.

"सारखंच. तेच तर आहे," बाई म्हणाल्या.

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी मामा एकटेच आत आले. मला तोवर दाराशी आणून ठेवलं होतं. मामा सावकाश चालत पहिल्या टेबलाशी गेले आणि दोन बोटं फिरवली. पुढच्यावर फिरवली. त्याच्या पुढच्यावर फिरवली. चौदाही टेबलं त्यांनी अशी वाचून काढली आणि शेवटच्यावर हात तसाच ठेवून उभे राहिले.

उस्ताद दारातून म्हणाला, "काय रे?"

"सगळीच सात नंबर झाली, उस्ताद."

"मग आता?"

"मग काय. चुकायचा प्रश्नच मिटला."

उस्तादला हसू आलं नाही. मामांनाही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खोली माणसांनी भरली. मामांनी पावलं मोजून पाहिली, पण जमीन तीच असली तरी वाटा बदलल्या होत्या. मास्तरांची कॉफी भलत्याच बाईंपुढे गेली. बाईंचं ऑम्लेट एका पोरापुढे गेलं. पहिल्यांदा लोक हसले, त्यांना वाटलं मामांची काहीतरी गंमत चालली आहे. मग मामांनी सूपचं भांडं ठेवलं ते जुन्या टेबलाच्या मापाने, म्हणजे नव्या टेबलाच्या वीतभर पलीकडे. तिथे टेबल नव्हतं. तिथे धाकटे मालक उभे होते, पाहुण्यांचं स्वागत करत.

ते चिडले नाहीत. पाहुणे बघत होते ना. त्यांनी बाही झटकली, मामांच्या पाठीवर हात ठेवला आणि गोड आवाजात म्हणाले, "मामा, खूप केलंत. आता आराम करा."

मोठी माणसं जेव्हा कोणाला आराम करायला सांगतात तेव्हा ती खुर्ची देत नाहीत, दार दाखवतात. हे लक्षात ठेवा, परीक्षेत येणार नाही पण पुढे उपयोगी पडेल.

त्यानंतर कितीतरी महिन्यांनी मामा आले, गिऱ्हाईक म्हणून. नातीचा हात धरून. आत शिरताना त्यांचा डावा हात सवयीने बाजूला गेला आणि माझ्या कडेला लागला. दोन बोटं फिरली. लांब. आखूड. आखूड. बोटं थांबली आणि पुन्हा पहिल्यापासून फिरली. इतक्या महिन्यांत मला कोणी वाचलं नव्हतं.

दारावरच्या बाई धावत आल्या. "आजोबा, हात नका लावू! पाटी दिसत नाही का तुम्हाला?"

"नाही," मामा म्हणाले.

नऊ वर्षं त्या खोलीत त्यांनी हा शब्द गिळला होता. नात त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. तिलाही घरी कोणी सांगितलं नसावं. बाई गोंधळल्या, काहीतरी पुटपुटल्या, पण मामा वळले होते. पूर्वी माझ्यापासून अकरा पावलांवर स्वयंपाकघर असायचं. मामा अकरा पावलं चालले. मी मोजली. अकराव्या पावलाला ते रस्त्यावर होते.

तर मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं मी सांगणार नाही. मला जपलंच आहे की! आठवड्याला पॉलिश होतं. माझं मागणं वेगळं आहे. कुठल्याही खोलीत काही हलवायच्या आधी, तिथे रोज राबणाऱ्याला विचारा, आणि त्याने तोंड उघडून मिटलं तर पुन्हा विचारा. आणि कधी या हॉटेलात आलात तर ती पाटी वाचू नका. डोळे मिटा आणि माझ्या कडेवरून दोन बोटं फिरवा. ते अक्षर काळाचं नाही. ते मामांचं आहे.